चाखलेलं पाणी

बच्छावकाका पाणी पिताना डोळे मिटायचे. घोट तोंडात जरा वेळ थांबायचा, गालांच्या आत फिरायचा, मग गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि डोळे उघडायचे. उघडल्यावर निकाल. "बोअरचं आहे." "टाकी धुतलेली नाही, गाळ बसलाय." आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईनं दिलेला पेला असाच चाखून ते म्हणाले, "वहिनी, फिल्टरची कँडल बदला." आई चिडली. ते गेल्यावर तिनं फिल्टर उघडून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे नवी कँडल आणली.

हे आधी सांगून ठेवते, कारण ज्यांनी त्यांना शेवटच्या वर्षात पाहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरेच बच्छावकाका येतात. भरलेला पेला समोर ठेवून बसून राहिलेले, आणि तो तसाच भरलेला ठेवून उठणारे.

नाशकात आमची दारं समोरासमोर. ते मूळचे सटाण्याकडचे. शहरात इतकी वर्षं काढूनही मनाला फार लागलं की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. आवाज कधी चढत नसे, त्यामुळे आतली खळबळ आम्हाला त्या भाषेवरूनच कळायची. नोकरी पंचायतीच्या खात्यातली, विस्तार अधिकारी. शेवटची बरीच वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं, चौकशी. अमुक गावात रस्ता कागदावरच झालाय, तमुक गावात नळ आहे पण पाणी नाही, अशी तक्रार आली की कुणीतरी जाऊन बघावं लागतं. ते बघणं काकांकडे. त्यांच्या अहवालावर एखाद्या ग्रामसेवकाची वेतनवाढ थांबायची, एखाद्या सरपंचाची खुर्ची जायची, किंवा एखादा निर्दोष सुटायचा.

मी चळवळीतल्या घरात वाढले. आईबाबांच्या संघटनेची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात रचलेली असत, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायचे. काकांना हे कळलं तेव्हापासून त्यांनी माझं नावच निषेधबाई ठेवलं. "काय निषेधबाई, आज कुणाचा नंबर?" जिन्यात भेटले की एवढंच.

एकदा मीही त्यांना धरलं. म्हटलं, "काका, तुमचं खातं त्याला गैरवर्तन म्हणतं. वर्गात बडबड केली तर बाई म्हणतात ते गैरवर्तन. अख्ख्या गावाचं पाणी खाल्लं तर त्याला चोरी म्हणा."

"चोरी म्हटलं की पोलीस लागतात," काका बूट काढता काढता म्हणाले. "गैरवर्तन म्हटलं की मी एकटा पुरतो."

"आणि शिक्षा काय? वेतनवाढ बंद! बाया मैलभर चालतात आणि ह्याची वेतनवाढ बंद."

"तू मोठी पत्रकं लिही. मी लहान शिक्षा देतो. बघू कोण आधी पोचतं."

पाण्याची तक्रार असली की त्यांची रीत ठरलेली होती. गावात पोचायचं, ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसायचं आणि कागद मागायच्या आधी पाणी मागायचं. "गावचं पाणी आणा." चहा घ्यायचे नाहीत, सरबत घ्यायचे नाहीत. सीलबंद बाटली समोर आली की म्हणायचे, "झाला अर्धा अहवाल." आणि मग दुसरा प्रश्न, "बाया कुठं आहेत?" पुरुषांच्या घोळक्यात बसून पाण्याची चौकशी करणं म्हणजे जेवलेल्या माणसाला भूक विचारणं, असं त्यांचं म्हणणं.

निफाडच्या बाजूच्या एका गावाची गोष्ट ते रंगवून सांगत. द्राक्षबागायतदारांचं गाव, कशाची ददात नाही, फक्त खालच्या वस्तीला नळ कोरडे. उपसरपंच स्वतः बाटली घेऊन आले.

"साहेब, घ्या. थंडगार आहे."

"गावचं आणा."

"गावातल्याच दुकानातलं आहे, साहेब."

सगळे हसले. काकाही हसले, पण बाटलीला हात लावला नाही. मग बरीच धावपळ होऊन तांब्या आला. काकांनी डोळे मिटून घोट घेतला, डोळे उघडले आणि म्हणाले, "हे तुमच्या मळ्यातल्या बोअरचं."

उपसरपंचांचा चेहरा पडला. "साहेब, कसं ओळखलंत?"

"आता तुम्हीच सांगितलंत ना."

ही गोष्ट सांगून झाली की ते मला म्हणायचे, "जिभेला एवढं काही कळत नाही गं. डोळे मिटून प्यायचं आणि एकदम उघडून समोरच्याकडे बघायचं. पाणी पेल्यात कमी, त्याच्या तोंडावर जास्त असतं."

दुसरी रीत डब्याची. मालतीकाकू त्यांना चौकशीच्या दिवशी दोन डबे द्यायच्या. एक त्यांचा, दुसरा ज्याची चौकशी त्याचा. काकू कुरकुरायच्या, "खाल्लेल्यालाच परत खायला घालायचं, ही कुठली तऱ्हा?" पण भाकरी मऊच असायची आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डबीत असायची.

घोटीकडच्या एका तरुण ग्रामसेवकानं काका पोचायच्या आत कबूल करून टाकलं होतं. हात जोडून उभा, सगळं मीच केलं, लिहून घ्या. काकांनी त्याला बाकावर बसवलं, डबा उघडून दिला. "आधी जेव." त्यानं भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि रडायला लागला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि कबूल कर म्हणून त्याला वरच्यानं सांगितलं होतं. त्या चौकशीत शिक्षा झाली ती वरच्याला. "उपाशी माणूस लवकर कबूल होतो," काका म्हणाले. "पण ती कबुली भुकेची. तिच्यावर सही कशी करायची?"

अशा गोष्टी पसरतात. जिल्हाभर ते 'पाणी चाखणारे साहेब' झाले. एका पुढाऱ्यानं फोनवर धमकावलं, सुरगाण्याला बदली करीन. काका म्हणाले, "करा. तिकडचं पाणी चांगलं आहे." हा संवाद मी एका पत्रकात नाव न घेता छापलासुद्धा होता. त्या वयात मला वाटे, अशी आणखी दहा माणसं खात्यात असती तर आमच्या घरात पत्रकं रचायची गरज उरली नसती. आपली रीत सगळ्यांना पाठ झाली की ती आपल्यावरच चालवता येते, हे तेव्हा मला सुचलं नव्हतं. काकांनाही नाही.

त्यांच्या अखेरच्या चौकश्यांपैकी एक पेठच्या पुढच्या डोंगरातली होती. गावाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. तक्रार नेहमीची. टाकी बांधली, पाइप टाकले, बिलं निघाली, पाणी मात्र कधी आलंच नाही. काका भर उन्हाळ्यात दुपारी पोचले. ग्रामसेवकानं त्यांना खुर्चीवर बसवलंच नाही. म्हणाला, "साहेब, आधी नळाकडे चला, तुमची पद्धत आम्हाला माहीत आहे." काका खूश झाले. त्यांनी स्वतःच्या हातानं तोटी फिरवली आणि धो धो पाणी आलं. ओंजळ लावून ते प्यायले. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

"बाया कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"शेजारच्या पाड्यावर हळद आहे, साहेब. सगळ्या तिकडं."

लग्नाचे दिवस होते. काकांनी मान डोलावली. ग्रामसेवक निर्दोष. अहवालात त्यांनी आपल्या स्वभावाला धरून एक वाक्य जादा लिहिलं, 'पाणी स्वतः चाखून पाहिले, झऱ्यासारखे गोड आहे.' निरोपसमारंभाच्या भाषणात हीच गोष्ट शेवटी सांगितली. म्हणाले, "इतकी वर्षं वाईट पाणी पीत आलो, जाता जाता सरकारी नळाला झऱ्याचं पाणी प्यायलो. समाधान आहे." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते, मीही वाजवल्या.

निवृत्तीनंतर आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत उभी राहू लागली. कामावर पेठ-सुरगाण्याकडची माणसं होती, पावसाळा संपला की दरवर्षी नाशकात नाहीतर निफाडच्या बागांत मजुरीला येतात ती. ठेकेदारानं त्यांच्या पिण्याच्या पाण्याची काही सोय केली नव्हती. काका रोज सकाळी आपल्या नळाला नळी लावून कुंपणावरून पलीकडे सोडायचे. बाया हंडे भरायच्या, काका अलीकडे उभे राहून गावागावाची चौकशी करायचे. मी कॉलेजला निघताना हे रोजचं दृश्य असे.

त्या सकाळी एक नवी बाई आली होती, यमुना नावाची. तिनं हंडा नळीखाली धरला, काकांकडे पाहिलं, आणि हंडा बाजूला जमिनीवर ठेवला.

"का गं? पाणी नको?"

"तुमी पानी चाखनारे साहेब ना?"

काका फुलले. "तू कसं ओळखलंस?"

"तुमचा फोटू हाय ना आमच्या ग्रामपंचायतीत. नळाखाली हात धरलेला." तिनं गावाचं नाव सांगितलं.

"अरे वा!" काका माझ्याकडे वळून म्हणाले, "निषेधबाई, हेच ते गाव. झऱ्यासारखं पाणी."

"झऱ्याचंच व्हतं, साहेब."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला वाट चुकल्याचं सांगावं तसं ती सांगत होती. "नळाला कुठलं आलं पानी? आमी भरलं टाकीत. भाऊसाहेब म्हनला, साहेब येनार, तोटी फिरवनार. पानी नाय आलं तर गावानंच योजना बुडवली असं लिवनार, मंग टँकर पन बंद." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, गावात त्याला हेच म्हणतात. "आदल्या दिसापासून समद्या बाया दरीत उतरत व्हत्या. झिऱ्यावरनं हंडे भरायचे, वर आनून टाकीत वतायचे. सकाळी माझी बहीन पडली. हिरा."

"पडली म्हणजे?"

"दरीत. हंडा व्हता डोक्यावर. पाय सुटला."

काका म्हणाले, "बाया तर हळदीला..." आणि थांबले.

"कोनाची हळद, साहेब? आमी तिला झोळीत घालून खाली नेत व्हतो. फाट्यावर पोचायच्या आदीच गेली."

नळी तशीच चालू होती. पाणी तिच्या हंड्याच्या बाजूनं वाळूत चाललं होतं आणि काकांना ते दिसत नव्हतं. मी हललेच नाही. यमुनाच वाकली, नळी दुमडून मुठीत घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली. पाणी वाया जाऊ नये म्हणून.

त्या दिवसापासून काकांना कुणी पाणी पिताना पाहिलं नाही. पीत असतील, माणूस त्याशिवाय जगत नाही. पण दार लावून, काकूंनाही न दिसता. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जायची तेव्हा समोर पेला असे. ते त्याच्याकडे बघत बसत, मधेच बोट लावून पाणी हलवत आणि ते पुन्हा स्थिर होईपर्यंत वाट बघत. तळाशी काहीतरी पडलंय आणि ते त्यांनाच दिसतंय, असं वाटायचं. काकू नळ अगदी बारीक सोडायच्या. "ओतल्याचा आवाज त्यांना सोसत नाही," त्या मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "परवा मी कळशीतून पाणी ओतत होते, तर आतून ओरडले, कोण पडलं?"

एकदा पेल्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "जीभले समजनं व्हतं. माले नही समजनं." जिभेला कळलं होतं. झऱ्यासारखं लागतंय असं तिनं सांगितलं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि तरी हे पाणी नळातून कसं आलं हे विचारलं नाही. माझ्याकडचे सगळे शब्द दुसऱ्या कुणावर तरी ओरडण्यासाठी शिकलेले होते.

मग एके सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "चल निषेधबाई. एका अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे."

तक्रार त्यांच्या स्वतःविरुद्ध होती. कर्तव्यात कसूर, पाण्याचा उगम न तपासता अहवाल, त्यामुळे दोषी माणूस सुटला. मागणी अशी की बच्छाव यांच्यावर विभागीय चौकशी लावावी. त्यांचा हिशेब सरळ होता. जुना अहवाल उभा आहे तोवर त्या गावात योजना झाली असंच सरकार धरणार, नवी मिळणार नाही आणि ग्रामसेवकाला कुणी हात लावणार नाही. तो अहवाल पाडायचा तर लिहिणाऱ्याला आरोपी करायला हवं. शिवाय घाई होती. निवृत्त माणसावर घटनेपासून चार वर्षांच्या आतच चौकशी लावता येते, आणि त्यातली बरीचशी यमुना भेटायच्या आधीच उलटून गेली होती.

मी काकूंना विचारलं, "पेन्शन कापली तर?"

"कापू देत," काकू म्हणाल्या. "पाणी तरी पितील."

कार्यालयातला साहेब एकेकाळी काकांच्या हाताखाली होता. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"साहेब, स्वतःविरुद्ध अर्ज कसा घेऊ? अशी रीत नाही."

"रीत नसेल. गुन्हा तर आहे?"

"तुमचं रेकॉर्ड इतकं स्वच्छ. कशाला?"

"त्या स्वच्छ रेकॉर्डवरच तो सुटला ना!"

साहेबानं आवाज खाली आणला. "त्याचं प्रमोशन झालंय, साहेब. तुमच्यासारखाच विस्तार अधिकारी झालाय. आता हे उकरायचं म्हणजे तो येणार, ठेकेदार येणार, बिलं पास करणारे येणार. आणि बाई पाय घसरून पडली, हे कुणाच्या नावावर टाकायचं?"

"माझ्या."

शिपायानं चहाबरोबर पाण्याचे पेले आणून ठेवले आणि काकांनी आपला पेला दोन बोटांनी लांब सरकवला. साहेब आम्हाला दारापर्यंत पोचवायला आला. काकांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाला, "थोडे महिने कळ काढा. चार वर्षं पुरी झाली की विषय आपोआप मिटेल."

मायेनं म्हणाला, म्हणूनच मी ते विसरू शकत नाही. दात विचकणारा अधिकारी मला पत्रकात रंगवता येतो. ह्याला कसं रंगवू?

तरी मी पत्रक लिहिलं. काकांना दाखवायला नेलं. ग्रामसेवकाचं नाव मी ठळक घातलं होतं, ठेकेदाराचं त्याखाली, आणि काकांना 'फसवले गेलेले प्रामाणिक अधिकारी' म्हटलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि ते शब्द खोडले.

"पहिलं नाव माझं टाक."

"काका, तुम्ही फसवले गेलात. त्यानं फसवलं."

"तो चोर आहे हे मला जाताना माहीत होतं. चोर आहे म्हणूनच मला पाठवलं होतं. चोरानं चोरी केली, मी काय केलं?" मग पत्रक माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "बायांना विचारल्याशिवाय मी कधी उठलो नाही. त्या दिवशी उठलो. कारण पाणी गोड होतं."

पहिलं नाव त्यांचं टाकून आम्ही पत्रक काढलं. यमुनेनं मात्र गावाचं नाव काढायला लावलं. "नाव नका टाकू, ताई. टँकर बंद करतील." म्हणून आजही टाकलेलं नाही. काका स्वतः कार्यालयाच्या फाटकाशी उभे राहून पत्रकं वाटत होते. जुने सहकारी लांबून वळून जात. एक जण हातात घेऊन, नाव वाचून, काकांच्याच खिशात परत घालून गेला.

अर्जाचं उत्तर आलं ते मुदत उलटून गेल्यावर. प्रकरण मुदतबाह्य, सबब दप्तरी दाखल. काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "सुटलो," ते म्हणाले. "त्याला मी सोडलं, मला ह्यांनी सोडलं." आणि हसले. ते हसू मी पुन्हा बघू इच्छित नाही.

यमुना पेरणीच्या तयारीसाठी गावी निघाली तेव्हा काका म्हणाले, मीही येतो. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून काकांसोबत मी. एसटी फाट्यापर्यंत, पुढे चढण. काका वाटेत कुठं बसले नाहीत. एका वळणावर यमुना नुसती थांबली. खाली दरीत खडकांच्या तळाशी काहीतरी ओलसर चमकत होतं, आणि तिथून वर एक पायवाट येत होती, बकरीलाही जड जाईल अशी. काका त्या वाटेकडे बघत राहिले, जणू कुणीतरी वर यायचं बाकी आहे.

गावात नळ होता. तोटी गंजून बसली होती, टाकीवर पाली होत्या. ग्रामपंचायतीचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवर काका होते. चौकटीत, ओंजळ तोंडाशी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर इतकं सुख की बघवेना. खरे काका उंबऱ्यात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काढू का तो?" ते म्हणाले, "माझा नाही तो. त्यांचा आहे."

माणसं जमली. बायाही आल्या, ह्या वेळी सगळ्या. हिराची आई सगळ्यांच्या पुढे येऊन बसली, बारकी, काळी, हातात काठी. काका खुर्चीवर बसले नाहीत. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी तीन-चार वाक्यांत सांगितलं. मी पाणी प्यायलो. ते कुठून आलं विचारलं नाही. तुमच्या मुलीचा जीव त्यात गेला. सरकार मला शिक्षा देत नाही, म्हणून तुमच्याकडे आलोय.

पुरुषांपैकी एक जण म्हणाला, "जाऊ द्या साहेब, व्हायचं ते झालं. वर पत्र लिवा आमच्यासाठी."

"लिहितो," काका म्हणाले. "पण ह्यांना बोलू द्या."

म्हातारी यमुनेच्या कानाशी लागली. यमुनेनं आईकडे पाहिलं, मग उठून कोपऱ्यावरच्या टपरीत गेली आणि सीलबंद पाण्याची एक बाटली घेऊन आली. म्हातारीनं ती हातात घेतली. झाकण तिला उघडेना, तसं तिनं ते दातांनी फोडलं, आणि काठी टेकत काकांसमोर येऊन बाटली पुढे केली.

काकांचे हात खालीच होते. आयुष्यभर त्यांनी ह्या बाटलीला हात लावला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भिंतीवरचा फोटो त्याच कीर्तीचा होता.

"पे साहेब," म्हातारी म्हणाली. "हे कोनाच्या डोक्यावरनं आलेलं नाय."

काकांनी बाटली घेतली. ते प्यायले. थांबून नाही, चाखून नाही. सगळी बाटली, शेवटपर्यंत, थोडं हनुवटीवरून शर्टावर सांडत. आणि पूर्ण वेळ त्यांचे डोळे उघडे होते. ते म्हातारीकडे बघत होते आणि म्हातारी त्यांच्याकडे.

परतीच्या एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. पुढल्या थंडीत ते गेले, पण मला दिसतात ते तिथेच. खिडकीची काच खाली, डोंगर मागे पडत चाललेला, आणि ती रिकामी बाटली दोन्ही हातांनी मांडीवर उभी धरलेली, जणू अजून भरलेली आहे आणि वळणावर सांडेल.